संगणकाच्या घरात कणगी कोठे आणि पेव कोठे?



या खेपेस मोहन्याच्या एका ताईंचे पत्र हाती घेतो. मोहने म्हणजे कल्याणजवळ, आंबिवली स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, उल्हास नदीच्या काठचे गाव. आज ते कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत आहे. तेथील रेयॉनची मोठी कंपनी २००९ साली बंद झाली. ताईंच्या घरचा पगार तेव्हापासून थांबला, आणि आता दोन म्हशी व भाजीचा एक तुकडा यांवर संसार चालतो.

ताईंच्या घरी मुलाने एक जुना संगणक आणून ठेवला आहे. संध्याकाळी नातू त्यावर खेळ खेळतो. सकाळी सूनबाई दुधाच्या रतिबाचा हिशेब पडद्यावरच्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर टिपून ठेवतात. संगणक फार मंद चालू लागला म्हणून दुरुस्तीस दिला. कारागिराने विचारले, "आत ठेवण्यासारखे काय आहे?" घरच्यांनी सांगितले, "डॉक्युमेंट्समधले सगळे ठेवा." त्याने तेवढे काढून घेतले, बाकी साफ केले आणि विंडोज नव्याने घातले. संगणक परत आला तेव्हा सातबाऱ्याची प्रत होती, मुलीचे गुणपत्रक होते, लग्नाचे फोटो होते. पण नातवाने चार महिने खेळून गाठलेली मजल गेली आणि तीन महिन्यांच्या रतिबाचा हिशेबही गेला. आता कोणाकडून किती येणे आहे हे गिऱ्हाइकांच्याच तोंडून ऐकावे लागते. ताई विचारतात, "कारागीर खोटे बोलला का? आणि खेळ तरी आपले सामान अशा जागी का ठेवतात, जे घरच्या माणसालाच दिसू नये?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. कारागीर खोटे बोलला नाही. त्याने सांगितले तेवढे केले. मात्र जाणत्या कारागिराने आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो त्याने विचारला नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरा लांबचे आहे. तो प्रश्न एकट्या ताईंचा नसून संगणक किंवा मोबाइल असलेल्या प्रत्येक घराचा आहे.

आपल्या जुन्या घरांकडे पाहा. रोजचे दाणे कणगीत असत आणि ती माजघरात सर्वांच्या नजरेसमोर उभी असे. जास्तीचे धान्य पेवात. पेव जमिनीखाली, त्याचे तोंड लिंपलेले, आणि त्याची जागा घरच्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक. आता समजा, घरातला जाणता माणूस अचानक गेला आणि पेव कोठे आहे हे त्याने कोणाला सांगितलेच नाही. धान्य असून घर उपाशी राहणार. ताईंच्या घरी नेमके हेच झाले. दाणे पेवात होते आणि घरच्यांना फक्त कणगी ठाऊक होती.

विंडोजच्या संगणकात प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावाची एक खोली असते. तिच्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स अशी उघडी फडताळे असतात. त्याच खोलीत 'ॲपडेटा' नावाचे आणखी एक फडताळ असते, पण ते झाकलेले. सहज पाहिले तर दिसत नाही. त्याचे तीन कप्पे आहेत: रोमिंग, लोकल आणि लोकललो. पहिला कप्पा कचेऱ्यांसाठी योजलेला. माणूस आज या टेबलावरच्या संगणकावर बसला, उद्या त्या, तर त्याचे सामान त्याच्याबरोबर फिरावे, ही त्यामागची कल्पना. दुसऱ्यातले सामान त्याच यंत्रापुरते. तिसरा, फारसा विश्वास न ठेवता चालवायच्या प्रोग्रॅमांसाठी. विंडोज १० मधल्या पिवळ्या चिठ्ठ्या या लोकल कप्प्यातच, आतल्या आत तीन फोल्डर खाली राहतात. सूनबाईंचा हिशेब तेथे होता.

खेळांची तऱ्हा तर गावच्या जत्रेसारखी आहे. ज्याला जेथे जागा दिसेल तेथे त्याने पाल ठोकावे. काही खेळ डॉक्युमेंट्समध्ये 'माय गेम्स' नावाचा फोल्डर करतात. काही डॉक्युमेंट्समध्येच स्वतःच्या नावाचा वेगळा फोल्डर उघडतात. खेळ तयार करणारे कारखानदार बहुधा दोनपैकी एक मोठे अवजार वापरतात. त्यातले 'अनरिअल इंजिन' मूळ रीतीने खेळाची जमा लोकल कप्प्यात ठेवते. दुसरे 'युनिटी' ती लोकललोमध्ये ठेवते, आणि काही बारीकसारीक नोंदी तर फायलीतच ठेवत नाही. त्या रजिस्ट्री नावाच्या, यंत्राच्या स्वतःच्या खतावणीत लिहिते. तेथील नोंद फोल्डर उचलून नेला तरी बरोबर येत नाही.

हे सारे परदेशी खेळांपुरते आहे असे समजू नका. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली 'राजी' हा खेळ बाहेर काढला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती गोष्ट. तोही अनरिअलवरच बांधलेला आहे. आपल्या मातीतले कारागीर पुढे येत आहेत, तेव्हा ही चर्चा आपल्याही घरची आहे.

आता तुम्ही म्हणाल, असा गोंधळ झाला कसा? त्याचा थोडा इतिहास आहे. विंडोज एक्सपीच्या काळी बरेच खेळ आपली जमा स्वतःच्या बसवणुकीच्या फोल्डरात, म्हणजे 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्येच ठेवत. ही जागा साऱ्या यंत्राची सामाईक. तेथे कोणीही लिहू लागला तर चोराचिलटालाही वाट मिळते. म्हणून २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने त्या जागेस कुलूप घातले. लिहायचे तर परवानगी घ्या. त्याच वेळी व्हिस्टाने प्रत्येकाच्या खोलीत 'सेव्ह्ड गेम्स' नावाचे एक उघडे फडताळ मुद्दाम खेळांसाठी दिले. सोय उत्तम होती. पण सक्ती कोणावर नव्हती, आणि खेळवाले पांगले. ते फडताळ आजही प्रत्येक विंडोजमध्ये आहे. बहुतेक घरी ते जवळजवळ रिकामेच आढळेल.

लपलेल्या फोल्डरांची जन्मकथा तर याहून जुनी आहे. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही संगणकपद्धती तयार होत होती. तेथे प्रत्येक फोल्डरात दोन खास नोंदी असत: एक टिंब म्हणजे 'हाच फोल्डर' आणि दोन टिंबे म्हणजे 'याच्या वरचा फोल्डर'. यादी काढताना या दोन नोंदी उगाच दिसत. त्या गाळण्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने सोपी युक्ती केली, की नावाचे पहिले अक्षर टिंब असेल तर ती नोंद दाखवायची नाही. गाळायच्या होत्या दोन, पण टिंबाने सुरू होणारे प्रत्येकच नाव दिसेनासे झाले. पुढे प्रोग्रॅमवाल्यांच्या हे ध्यानात आले, आणि आपापले सामान टिंबाच्या आड लपवण्याची चाल पडली. बेल प्रयोगशाळेतच काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ साली ही हकीकत लिहून, ती सोपी वाट पुढे किती महागात पडली हे सांगितले. म्हातारी मेल्याचे दुःख नाही पण काळ सोकावतो, म्हणतात ते असे.

लिनक्स वापरणाऱ्यांच्या घरी याचा फार उपद्रव झाला. शेकडो प्रोग्रॅम, आणि प्रत्येकाचा खोलीच्या दारातच एक लपलेला फोल्डर. म्हणून फ्रीडेस्कटॉप या मंडळींनी २००३ साली एक नियमावली काढली. तिचे म्हणणे शेतकऱ्याला चटकन पटेल असे आहे. सामान एका जातीचे नसते. ज्या जातीचे सामान त्या जातीची जागा.

पहिली जात मांडणीची. खेळाचा आवाज किती, पडदा केवढा, कळा कोणत्या, असल्या गोष्टी. ही अवजारे. गेली तर दहा मिनिटांत पुन्हा मांडता येतात. दुसरी जात खऱ्या ठेव्याची. खेळणाऱ्याने गाठलेली मजल, लिहिलेला हिशेब, जमवलेली नोंद. हे बियाणे. एकदा गेले की बाजारात विकत मिळत नाही. तिसरी जात भुसकटाची. काम लवकर व्हावे म्हणून यंत्राने तात्पुरते काढून ठेवलेले सामान. याला कॅश म्हणतात, पैशाशी त्याचा संबंध नाही. ते फेकले तर यंत्र पुन्हा तयार करते. पुढे २०२१ साली याच नियमावलीत चौथी जात आली, ती यंत्राच्या चालू स्थितीची आणि रोजनिशीची. ठेवली तर बरे, गेली तर फार हळहळ नको, अशी.

बियाणे, अवजार आणि भुसकट एकाच पोत्यात भरणारा शेतकरी तुम्ही पाहिला आहे काय? मग प्रोग्रॅमवाल्याने तरी तसे का करावे? एका मोठ्या फोल्डरात तिन्ही कोंबले म्हणजे जागा मोकळी करायला निघालेला माणूस भुसकटाबरोबर बियाणेही उकिरड्यावर टाकतो. किंवा भीतीपोटी काहीच टाकत नाही, आणि यंत्र भरून जाते.

काही जाणकार म्हणतात की लपवणेच योग्य. लहान मूल चुकून पुसून टाकेल, अडाणी माणूस हात घालील. या म्हणण्यात तथ्य आहे. पेवाचे तोंड लिंपतात ते उगाच नाही. दुसरे काही म्हणतात की सगळे डॉक्युमेंट्समध्ये उघडे ठेवा, म्हणजे हरवणार नाही. यातही तथ्य आहे, पण त्याचा त्रास वेगळा. डॉक्युमेंट्स ही घरधन्याच्या कागदांची जागा. सातबारा, फेरफार, बँकेचे पत्र, मुलांचे दाखले तेथे असावेत. त्यांच्यामध्ये वीस खेळांचे वीस फोल्डर येऊन बसले की घरचा कागद शोधताना दम लागतो. शिवाय बऱ्याच संगणकांवर डॉक्युमेंट्सची प्रत आपोआप वनड्राइव्हवर जाते. तेथे फुकटची जागा ५ जीबी. खेळांनी ती भरली की घरच्या कागदांची प्रत जायची थांबते. म्हणजे पाहुण्याच्या गाठोड्यापायी घरधन्याचा ठेवा पावसात.

आमचे मत असे आहे. अवजारे झाकल्या फडताळात राहोत, हरकत नाही. भुसकट तर वेगळेच ठेवावे आणि कधीही फेकता यावे. पण माणसाने स्वतःच्या वेळातून आणि कष्टातून जे मिळवले, ते त्याला दिसेल अशा, नाव दिलेल्या, एकाच जागी असावे. विंडोजवर 'सेव्ह्ड गेम्स' हे फडताळ त्यासाठीच आहे. आणि काही कारणाने ते झाकावेच लागले, तर खेळात एक ठळक कळ असावी: 'तुमचा ठेवा येथे आहे, उघडून पाहा.' दाणे कोठे पुरले हे घरधन्याला सांगण्यात कोणाचे काय जाते? नातवाचा खेळ पोरखेळ म्हणून सोडून देता येईल. पण त्याच रीतीने सूनबाईंचा हिशेब गेला, हे विसरू नका. यंत्राला खेळ आणि रतीब यांतला फरक कळत नाही.

येथे मराठी माणसाने ध्यानात ठेवावी अशी एक खास गोष्ट आहे. नवा संगणक सुरू करताना आपले नाव हौसेने देवनागरीत घातले, तर खोलीच्या फोल्डरालाही तेच नाव मिळू शकते. त्यात वाईट काही नाही. पण जुन्या पद्धतीने लिहिलेल्या काही प्रोग्रॅमांना ते वाचता येत नाही. विंडोजच्या जुन्या अक्षरसंचांत देवनागरीला जागाच नव्हती. ती युनिकोडमधूनच आली. त्यामुळे असा प्रोग्रॅम आपल्या नावाच्या ठिकाणी प्रश्नचिन्हे पाहतो, आणि फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह तर चालतच नाही. मग खेळ सुरू होतो, पण जमा काही होत नाही. दोष आपल्या भाषेचा नाही, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा आहे. तरी त्रास आपल्याला होतो. म्हणून युक्ती अशी, की खाते उघडताना नाव रोमन अक्षरांत घाला. मागाहून पडद्यावर दिसणारे नाव खुशाल मराठी करा. दिसणारे नाव बदलले तरी आतल्या फोल्डराचे नाव बदलत नाही.

मोबाइलकडेही वळू, कारण संगणक नसला तरी मोबाइल घरोघरी आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला स्वतःची बंद खोली मिळते. अँड्रॉइड ११ पासून तर ॲपच्या बाहेरच्या फोल्डरातही साध्या फाइल ॲपला डोकावता येत नाही. हे सुरक्षिततेसाठी चांगले. पण ॲप काढून टाकले की त्याच्या खोलीतले सामानही जाते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपपुढे दोन कळा असतात. 'क्लिअर कॅश' म्हणजे भुसकट झाडणे. ही बिनधास्त दाबा. 'क्लिअर स्टोरेज' किंवा 'क्लिअर डेटा' म्हणजे बियाण्यासकट कणगी उलटी करणे. ही दाबण्यापूर्वी दहा वेळा विचार करा. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ॲपच्या सामानाची प्रत गूगलच्या खात्यात आपोआप ठेवण्याची सोय आहे. पण एका ॲपला २५ एमबीपर्यंतच, आणि ॲप करणाऱ्याने ती नाकारलेली नसेल तरच. म्हणून तिच्यावर सगळा भार टाकू नये.

आता करायचे काय, ते क्रमाने सांगतो.

पहिले, मोहन्याच्या ताईंसाठी. संगणकात 'सी' ड्राइव्ह उघडा आणि 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर दिसतो का पाहा. तबकडी पूर्ण न पुसता विंडोज घातले असेल तर जुनी खोली त्यात जशीच्या तशी सापडते. पण विंडोज काही दिवसांनी हा फोल्डर स्वतःच पुसते, तेव्हा हे काम उद्यावर टाकू नका. फोल्डर सापडला तर त्यातील जुने ॲपडेटा आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, उलगडा मागाहून होईल. फोल्डर नसेल तर संगणक वापरणे थांबवा आणि जाणकाराला विचारा. जितके नवे लिहिले जाईल तितकी आशा कमी होते.

दुसरे, सर्वांसाठी. झाकलेले फडताळ दिसावे म्हणून फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू' उघडून 'हिडन आयटम्स' वर खूण करा. विंडोज ११ मध्ये ते 'व्ह्यू'च्या आत 'शो'खाली आहे. लिनक्सच्या बहुतेक फाइल-खिडक्यांत कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबल्या की लपलेले दिसते. पाहा, पण काही पुसू नका.

तिसरे, संगणक दुरुस्तीला देताना "डॉक्युमेंट्स ठेवा" एवढेच सांगू नका. "माझ्या नावाची पूर्ण खोली, झाकलेल्या फोल्डरांसकट, उतरवून घ्या" असे सांगा. शक्य तर आपल्यासमोर उतरवून घ्या.

चौथे, घरात तीन माणसे संगणक वापरत असतील तर तीन खाती करा. मुलांचा खेळ मुलांच्या खोलीत, हिशेब हिशेबाच्या खोलीत.

पाचवे, मुलांनाच हे काम द्या. कोणता खेळ आपली जमा कोठे ठेवतो याची यादी पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर आहे. २०१२ पासून खेळणाऱ्यांनीच ती जमवली आहे. स्टीमवरून घेतलेल्या खेळांना २००८ पासून दूरवर प्रत ठेवण्याची सोय मिळाली, पण तीही प्रत्येक खेळाला असतेच असे नाही. मुलाने आपल्या खेळाची जागा शोधून वहीत लिहावी. खेळातून शिक्षण म्हणतात ते हेच.

सहावे, पैशाचा हिशेब चिठ्ठ्यांवर ठेवू नका, पिवळ्या असोत की निळ्या. तो साध्या हिशेबाच्या फायलीत, डॉक्युमेंट्समध्ये ठेवा, आणि महिन्याच्या शेवटी एक कागदी प्रत काढा किंवा वहीत उतरवा. चिठ्ठ्यांची सवय सुटतच नसेल तर निदान खात्याने साइन-इन करा, म्हणजे त्यांची प्रत दूर जाईल.

सातवे, प्रत कोठे ठेवायची? पेन ड्राइव्ह संगणकाच्याच कपाटात ठेवला तर संगणकावर येणारे संकट त्याच्यावरही येते. उल्हासकाठच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ चा पूर त्यांना आठवतो. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. पाणी घरात शिरते तेव्हा ते मूळ कोणते आणि प्रत कोणती हे विचारत नाही. एक प्रत घरात, एक उंचावरच्या नातेवाइकाकडे किंवा दूरच्या खात्यात. चांगले बियाणे आपण दोन घरी ठेवतो ना, तसेच हे.

या आठवड्यात प्रत्येकाने एवढे करावे. एका संध्याकाळी घरच्या मंडळींनी संगणकाभोवती बसावे आणि कोणाचे काय कोठे आहे याची एका कागदावर यादी करावी. ती यादी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावी. जाणता माणूस घरी नसला तरी पेवाची जागा घरातल्या दुसऱ्याला ठाऊक असली पाहिजे. मोहन्याच्या ताईंनी 'विंडोज डॉट ओल्ड'मध्ये काय सापडले ते आम्हांस जरूर कळवावे. सूनबाईंचा हिशेब परत मिळाला, तर तो सर्वांत आधी वहीत उतरवायला सांगा. नातवाच्या खेळाचे त्यानंतर पाहू.